अंतर किती, वेळ किती?

मीरा-भाईंदरच्या काशीगावात आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांची लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते. एका जानेवारीत आजी प्रथमच तिच्याकडे निघाल्या. तिकीट हातात आल्यावर ते वाचून दाखवायला नववीतला नातू पुढे सरसावला. "मुंबईहून रात्री २ वाजता निघायचं, मध्ये लंडनला विमान बदलायचं आणि त्याच तारखेला दुपारी साडेबाराला सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे साडेदहा तास!"

आजी निर्धास्त झाल्या. त्यांना रक्तदाबाची गोळी दर बारा तासांनी घ्यावी लागते. साडेदहा तासांच्या प्रवासाला एक गोळी पुरे, असा हिशेब करून त्यांनी एक गोळी बटव्यात ठेवली आणि बाकीची पाकिटे मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, भरून टाकली.

निघण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला त्या आमच्याकडे आल्या आणि बोलता बोलता हा हिशेब बाहेर आला. प्रवास साडेदहा तासांचा नव्हता. तो चोवीस तासांचा होता. घरापासून घरापर्यंतचा धरला तर त्याहूनही बराच मोठा. बॅग पुन्हा उघडावी लागली.

नातवाची वजाबाकी चुकली नव्हती. त्याने वजाबाकी केली होती ती दोन वेगवेगळ्या घड्याळांची. पण मुलगा चौकस. चूक कळल्यावर त्याने ॲटलास आणला आणि प्रश्नांची फैर झाडली. "काका, नकाशात अमेरिका डावीकडे आहे, मग विमान उत्तरेला का जातं? पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर का पोचत नाही? आणि जायला एक वेळ, यायला दुसरी, असं का? अंतर तर तेच ना?"

हे प्रश्न आपल्या वर्गातही उठू शकतात. म्हणून काशीगावातून निघून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा हा प्रवास आपण कागदावर करून पाहू.

पहिले वीस किलोमीटर

आरंभ घरापासून करू. काशीगाव आणि मुंबईचा विमानतळ ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. दोघांचाही रेखांश ७३ अंश पूर्वेच्या किंचित अलीकडे आहे. काशीगावाचा अक्षांश सुमारे १९.२७ अंश उत्तर, तर विमानतळाचा १९.०९ अंश उत्तर. फरक ०.१८ अंशाचा.

पृथ्वीचा परीघ ढोबळमानाने ४०,००० कि.मी. आहे. त्याला ३६० ने भागले की एका अंशाला सुमारे १११ कि.मी. मिळतात. म्हणून काशीगाव ते विमानतळ हे सरळ अंतर ०.१८ × १११, म्हणजे सुमारे २० कि.मी. झाले. एका भागाकाराने आणि एका गुणाकाराने, टेप न लावता!

अंशाचे ६० भाग केले की एक कला मिळते. रेखावृत्तावरील एका कलेची लांबी म्हणजेच एक सागरी मैल. आता तो १.८५२ कि.मी. असा ठरवून दिलेला आहे. जहाजे आणि विमाने अजूनही सागरी मैलात अंतर मोजतात, ते उगीच नाही. कोन आणि अंतर यांचा मेळ त्यात आपोआप बसतो.

हे वीस किलोमीटर कापायला विमानाला दीड मिनिटही लागणार नाही. दहिसर, बोरिवली, मालाड, अंधेरी करीत मोटारीने जाणाऱ्या आजींना मात्र दीड तास लागू शकतो. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा घराजवळच मिळतो.

नकाशा कसा फसवतो

आता मोठी उडी घेऊ. पॅसिफिक मध्यभागी असलेल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन ठिकाणांना पट्टी लावून रेघ ओढली, तर ती पूर्वेकडे पॅसिफिक महासागर ओलांडून जाते. अनेक नकाशे ज्या पद्धतीने काढलेले असतात, ती मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये वापरली. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर बसवताना काहीतरी ताणावेच लागते. मर्केटरने दिशा बरोबर ठेवल्या. खलाशांना तेच हवे होते. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकता येई. पण त्याची किंमत अंतरांनी आणि आकारांनी मोजली. या नकाशात ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २२ लाख चौ.कि.मी., तर भारताचे सुमारे ३३ लाख चौ.कि.मी. आहे.

पट्टीने ओढलेल्या त्या रेघेवरून खरोखरच विमान नेले, तर त्याला सुमारे १६,१०० कि.मी. जावे लागेल. सर्वांत जवळचा मार्ग मात्र सुमारे १३,५१० कि.मी. आहे. फरक २,६०० कि.मी.चा, म्हणजे विमानाच्या भाषेत जवळजवळ तीन तासांचा!

जवळचा मार्ग शोधायचा तर नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल घ्यावा. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवावे आणि दोरा ताणावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तो मुंबईहून उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकत निघतो, लडाखवरून मध्य आशियात शिरतो, सैबेरिया ओलांडतो, आर्क्टिक महासागरावर ७६ अंशांच्याही वर जातो आणि मग अलास्कावरून खाली उतरतो. ताणलेला दोरा गोलावर जी रेषा दाखवतो, ती बृहद्वृत्ताचा भाग असते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग छेदला की जे वर्तुळ मिळते, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्वृत्त होते. विषुववृत्ताखेरीज इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नाहीत. म्हणून अक्षवृत्त धरून गेलेला मार्ग नकाशावर सरळ दिसला, तरी तो सर्वांत जवळचा नसतो.

याचा पडताळा त्रिकोणमितीशिवायही घेता येतो. मुंबई ७३ अंश पूर्वेला आणि सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२२ अंश पश्चिमेला आहे. बेरीज १९५ अंश. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ही शहरे जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत. आता असे समजा, की विमान मुंबईहून थेट उत्तर ध्रुवावर गेले आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. मुंबई ते ध्रुव ९० − १९.१ = ७०.९ अंश. ध्रुव ते सॅन फ्रान्सिस्को ९० − ३७.६ = ५२.४ अंश. बेरीज १२३.३ अंश. एका अंशाला १११.२ कि.मी. या अधिक नेमक्या हिशेबाने हे अंतर सुमारे १३,७१० कि.मी. होते. बृहद्वृत्ताच्या अंतरापेक्षा फक्त २०० कि.मी. जास्त! आता नातवाला उत्तर देता येते. अमेरिका मुंबईच्या डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. ती पृथ्वीच्या 'पलीकडे' आहे आणि पलीकडे जाण्याची जवळची वाट उत्तरेकडून आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सूत्र

दोन ठिकाणांचे अक्षांश अ१ आणि अ२, त्यांच्या रेखांशांतील फरक र आणि पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन क असेल, तर

कोसाइन क = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

मुंबई ते लंडन हे अंतर काढून पाहू. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ अंश उत्तर, रेखांश ७२.८७ अंश पूर्व. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा अक्षांश ५१.४७ अंश उत्तर, रेखांश ०.४५ अंश पश्चिम. एक पूर्व आणि दुसरा पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची; र = ७३.३२ अंश. पहिल्या कंसाची किंमत ०.२५६, दुसऱ्याची ०.१६९, बेरीज ०.४२५. ज्याचा कोसाइन ०.४२५ आहे असा कोन सुमारे ६४.९ अंशांचा. त्याला १११.२ ने गुणले की सुमारे ७,२१० कि.मी. मिळतात.

याच रीतीने लंडन ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे ८,६२० कि.मी. आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० कि.मी. येते. विद्यार्थ्यांनी ही उत्तरे स्वतः काढून पाहावीत. दोन सूचना द्याव्यात. पूर्व-पश्चिम बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त आली, तर ती ३६० मधून वजा करावी. आणि र ९० अंशांपेक्षा मोठा असेल, तर त्याचा कोसाइन ऋण येतो. तिथे घाई करू नये.

विमान जमिनीपासून दहा-अकरा कि.मी. उंचीवरून जाते, म्हणजे थोड्या मोठ्या वर्तुळावरून. त्याने अंतर किती वाढते? पृथ्वीच्या ६,३७० कि.मी. त्रिज्येत ११ कि.मी.ची भर म्हणजे ०.१७ टक्के. लंडनपर्यंत जेमतेम बारा कि.मी. ते सोडून दिले तरी चालते.

विमान दोऱ्यावरून का जात नाही?

दोऱ्याने दाखवलेला मार्ग आदर्श आहे, पण आकाश मोकळे माळरान नाही. प्रत्येक देशाची हवाई हद्द असते आणि तिच्यातून जायला परवानगी लागते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपली हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडे वळसा घालून अरबी समुद्रावरून जावे लागले. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. मुंबईच्या दाराशीच अरबी समुद्र असल्याने मुंबईकरांना त्याची झळ कमी बसली. २०२२ पासून रशियाची हद्द अनेक पाश्चात्त्य विमान कंपन्यांना बंद आहे. त्यांचेही मार्ग लांबले.

दुसरी अडचण डोंगरांची. विमान हिमालयाच्या वरून सहज जाते, मग अडचण कसली? विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला लवकरात लवकर सुमारे तीन कि.मी. उंचीवर उतरावे लागते. प्रवाशांना दिलेला प्राणवायू थोडा वेळच पुरतो. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावर तर जमीनच चार-पाच कि.मी. उंच आहे. उतरणार कुठे? म्हणून त्या भागातून मोजके मार्गच आखलेले आहेत.

तिसरी अडचण ध्रुवीय प्रदेशाची. तिथे अडीअडचणीला उतरता येईल असे विमानतळ विरळ, होकायंत्राचा भरवसा नाही आणि बाहेरची थंडी कडाक्याची. जेट विमानांचे नेहमीचे इंधन सुमारे उणे ४७ अंश सेल्सियसला गोठू लागते, तेव्हा टाकीतल्या इंधनाच्या तापमानावरही नजर ठेवावी लागते. तरीही हे करता येते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवाजवळून थेट बंगळुरूला आले. ते चालवणाऱ्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या: झोया अगरवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास. या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १४,००० कि.मी. आहे. विमान ९ जानेवारीच्या रात्री निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे पोचले. तारखा पाहून दोन दिवस लागले असे वाटेल. प्रत्यक्षात सुमारे सतराच तास लागले. असे का, ते पुढे येईलच.

वाऱ्याचा हिशेब

साधारण नऊ ते बारा कि.मी. उंचीवर, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे प्रवाह आहेत. उष्ण कटिबंधातील गरम हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील फरकातून ते निर्माण होतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून प्रवाहही जोर धरतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापे केली होती. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. त्यामुळे तो फारच थोड्यांनी वाचला! दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे आडवे आले, तेव्हा त्यांची दखल घेतली गेली.

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो. हवाच पुढे सरकत असेल, तर विमान तिच्याबरोबर वाहत जाते. नदीतल्या होडीचे उदाहरण आपण वर्गात देतोच. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० कि.मी. आणि वाऱ्याचा १०० कि.मी. आहे. अंतर ७,२०० कि.मी. घेऊ.

वारा नसताना: ७,२०० ÷ ९०० = ८ तास.
वाऱ्याविरुद्ध: ७,२०० ÷ ८०० = ९ तास.
वाऱ्याबरोबर: ७,२०० ÷ १,००० = ७ तास १२ मिनिटे.

येथे एक गंमत आहे. जाताना जेवढे गमावले तेवढे येताना मिळेल, असे मुले म्हणतात. पण वारा नसताना जाण्यायेण्याला १६ तास लागले असते आणि वाऱ्यात १६ तास १२ मिनिटे लागतात. जाताना एक तास गेला. येताना ४८ मिनिटेच परत मिळाली. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. सरासरी वेग काढताना दोन वेगांची बेरीज करून दोनाने का भागायचे नाही, ते समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो, याचा एक बोलका दाखला आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० कि.मी.चा, म्हणजे १,४०० कि.मी.ने लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोचले. भागाकार करून पाहा: वेग ताशी १,०५० कि.मी.च्या वर जातो. जवळची वाट लवकरची असतेच असे नाही!

मग विमानाने ध्वनीचा वेग गाठला का? नाही. त्या उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि थंड हवेत ध्वनीचा वेग घटून ताशी सुमारे १,०६० कि.मी. होतो. विमान हवेत त्याच्या ८५ टक्के, म्हणजे सुमारे ९०० कि.मी. वेगानेच जात असते. उरलेला वेग वाऱ्याचा. आसनासमोरच्या पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या संदर्भातला वेग. ध्वनीशी तुलना करायची ती हवेच्या संदर्भातल्या वेगाची.

आता मुंबई-लंडनचे वेळापत्रक उलगडते. ७,२१० भागिले ९०० म्हणजे आठ तास. पण तिकिटावर साडेनऊ-दहा तास असतात. हवाई मार्गांच्या वळणांनी चारशे कि.मी. वाढले आणि समोरून सरासरी ताशी ५० कि.मी. वारा आला असे धरा. ७,६१० भागिले ८५० म्हणजे जवळजवळ नऊ तास झाले. त्यात चढता-उतरतानाचा कमी वेग आणि धावपट्टीपर्यंतचे रांगणे यांची पाऊण तास भर घाला. पावणेदहा तास होतात. कंपनी आपली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागी उभे राहीपर्यंतची मोजते.

पृथ्वी फिरते, मग?

मुंबई पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५७५ कि.मी. वेगाने पूर्वेकडे फिरते आहे. तेव्हा विमानाने नुसते वर जाऊन थांबावे, लंडन आपोआप खाली येईल, असे नातवाचे म्हणणे होते. प्रश्न चांगला आहे. तो हसण्यावारी नेऊ नये.

लोकलच्या डब्यात चेंडू वर फेकला, तर तो आपल्याच हातात पडतो. मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर नाही. कारण फेकण्यापूर्वीच त्याला गाडीचा वेग मिळालेला असतो. विमानाचेही तसेच. जमिनीवर उभे असतानाच त्याला पृथ्वीचा वेग मिळालेला असतो आणि ज्या हवेत ते उडते, ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा ना जाताना मिळतो, ना येताना. तिच्या फिरण्याचा विमानावर मोठा परिणाम होतो तो आडमार्गाने, जेट प्रवाहांतून. आणि तोही नातवाच्या अपेक्षेच्या उलट. पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोचते!

दोन घड्याळे

आता मूळ चुकीकडे वळू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबईच्या ७२.८७ अंशांना चाराने गुणले, की सुमारे २९१ मिनिटे, म्हणजे ४ तास ५१ मिनिटे येतात. ग्रिनिचपेक्षा एवढी पुढे असलेली 'बॉम्बे टाइम' नावाची वेळ मुंबईत खरोखरच पाळली जात होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली तरी मुंबईने आपले घड्याळ १९५५ पर्यंत सोडले नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ८२.५ × ४ = ३३० मिनिटे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात ग्रिनिचच्या आठ तास मागे असते. म्हणजे आपण साडेतेरा तास पुढे. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो. नियम सोपा आहे: वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात.

आजींचे विमान मुंबईहून रात्री २ वाजता निघणार होते. सॅन फ्रान्सिस्कोला ते दुपारी १२.३० ला पोचणार, तेव्हा मुंबईत १२.३० अधिक १३.३०, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रात्रीचे २ वाजलेले असणार. बरोबर २४ तास! फोडही जुळते: लंडनपर्यंत १० तास, लंडनला थांबा ३ तास, पुढे ११ तास.

त्यापूर्वी काशीगावातून रात्री साडेनऊला निघणे, म्हणजे साडेचार तास. पोचल्यावर तपासणी, सामान आणि लेकीच्या घरापर्यंतची मोटार मिळून अडीच तास. एकूण ३१ तास. म्हणजे बटव्यात एक गोळी नव्हे, निदान तीन हव्यात आणि विमान रखडले तर म्हणून आणखी काही. हिशेब समजल्यावर आजींनी दोन गोष्टी केल्या. गोळ्यांची सगळी पाकिटे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत घेतली. मनगटावरचे घड्याळ लेकीच्या घरी पोचेपर्यंत काशीगावाच्या वेळेवरच ठेवले. नव्या वेळेनुसार गोळीची वेळ कशी बदलायची, ते डॉक्टरांना आधीच विचारून घेतले. वेळापत्रकाचे गणित आपण करावे, औषधाचे डॉक्टरांनी.

आणखी एक भागाकार करून थांबू. आजींचा विमानमार्ग ७,२१० अधिक ८,६२०, म्हणजे किमान १५,८३० कि.मी. त्याला ३१ ने भागले, की घर ते घर सरासरी वेग ताशी सुमारे ५१० कि.मी. येतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत, सुमारे ८,००० कि.मी. कापून ते १० जूनला पोचले. त्या पंख्याच्या विमानाचा हवेतील वेग ताशी ५०० कि.मी.च्या आसपासच होता. आजच्या जेट विमानाने कमावलेले बरेचसे आपण रस्त्यावर आणि रांगेत खर्च करून टाकतो!

वर्गात करून पाहा

१. तीस सें.मी. व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सें.मी., म्हणजे १ सें.मी.ला सुमारे ४२५ कि.मी. दोऱ्याने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर मोजा. दोरा सुमारे ३२ सें.मी. भरला पाहिजे. मग तोच मार्ग भिंतीवरच्या नकाशावर बिंदूंनी काढा. गोलावरची सरळ वाट नकाशावर वाकडी दिसेल.

२. आपल्या गावापासून तालुक्याच्या ठिकाणाचे सरळ अंतर अक्षांश-रेखांशावरून काढा. पूर्व-पश्चिम अंतर काढताना १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला विसरू नका. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ कि.मी. भरतो. मग एस.टी.च्या मार्गाशी तुलना करा.

३. एखाद्या नातेवाइकाचे परदेश प्रवासाचे तिकीट मिळवा. दोन्ही वेळा भारतीय प्रमाणवेळेत आणून खरा प्रवासकाल काढा. जातानाचा आणि येतानाचा काल वेगळा आला, तर कारण विद्यार्थ्यांना सांगू द्या.

आजी सुखरूप पोचल्या. तीन महिन्यांनी परत आल्या, तेव्हा येतानाचे तिकीट नातवाने आधीच तपासून ठेवले होते. निघण्याची आणि पोचण्याची तारीख यांत दोन दिवसांचा फरक होता. "आजी, घाबरू नकोस," त्याने फोनवर सांगितले, "तारखा दोन पुढे गेल्या तरी दोन दिवस लागणार नाहीत. उन्हाळा लागलाय, साडेबारा तास वजा कर. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव."